आज कोणाची बंडी?

मंडळी, परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत 'बुक क्लब' सुरू झालाय म्हणे. महिन्यातून एकदा दहा-बारा जण जमतात. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं आणि त्यावर बोलायचं. मोठ्या उत्साहाने सांगत होती. शेवटी म्हणाली, "मामा, तुमच्या केळझरला असलं काही नसेल ना!"

होतं बाई, होतं. अजूनही आहे. फक्त आम्ही त्याला क्लब म्हणत नव्हतो. आमच्यात एवढंच विचारायचे, "या रविवारी कोणाची बंडी?"

आता ही बंडी काय भानगड आहे, ते सांगायचं तर आधी गाव सांगायला हवं. ज्यांनी केळझर पाहिलं नाही त्यांच्यासाठी : नागपूर-वर्धा रस्त्यावर, सेलू तालुक्यात आमचं गाव. टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे, विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. आणि गावाची परंपरा अशी की महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच. लाक्षागृहातून सुटलेले पांडव इथेच एका ब्राह्मणाच्या घरी राहिले आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच. इतिहासकार यावर काय म्हणतील ते म्हणोत. पण आमच्याकडच्या पोराला बकासुर शाळेत शिकवावा लागत नाही, तो आईच्या दुधाबरोबरच येतो. त्या राक्षसाला रोज एका घरून बंडीभर अन्न, बैल आणि एक माणूस जायचा. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. आमचं वाचक मंडळही घरोघरी पाळीने बसायचं आणि ज्याचं घर त्याने चहा-पोह्यांची सोय करायची. तेव्हा कोणीतरी पहिल्याच महिन्यात म्हणालं, "आज बकासुराची बंडी कोणाकडून?" झालं! तेच नाव पडलं.

पण मंडळाच्याही आधी गावात एकत्र वाचणं होतंच. श्रावणात देवळात पोथी लागायची. श्रीधरांचा 'पांडवप्रताप' हा आमच्या गावचा खास लाडका. ग्रंथ १७१२ सालचा. एकचक्रेचा प्रसंग आला की त्या दिवशी गर्दी दुप्पट. वाचणारा एक, ऐकणारे शंभर, आणि त्या शंभरातल्या ऐंशींना अक्षरओळख नाही. तरी ओवी चुकली तर मागून म्हातारी ओरडायची, "गुरुजी, एक ओळ गेली!" वाचन म्हणजे एकट्याने कोपऱ्यात बसून करायची गोष्ट, ही कल्पना आपल्याकडे तशी नवीच आहे. छापखाने आले, पुस्तकं स्वस्त झाली, तेव्हा ती आली. त्याआधी पुस्तक म्हणजे ऐकायची वस्तू, आणि ऐकणं म्हणजे चार माणसांत बसणं.

चार माणसांत... पण कोणत्या चार माणसांत? लहानपणची आठवण आहे. देवळात कंदील असायचा. उजेड जिथे संपायचा त्याच्या पलीकडे, अंगणाच्या कडेला, काही माणसं उभी राहून ऐकायची. ती आत का येत नाहीत, असं मी वडिलांना विचारलं नव्हतं. लहान मुलांनाही काय विचारायचं नाही ते कळतं. मग १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. नागपूर आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. गावातून माणसं गेली होती. पुढच्या श्रावणात उजेडापलीकडची ती जागा रिकामी होती. मी सहा-सात वर्षांचा असेन. कोणी काही बोललं नाही, पण माझ्या लक्षात राहिलं.

असो. इतिहासाचा मास्तर असल्यामुळे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, एवढं सहन करा.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत 'नेटिव्ह लायब्ररी' निघू लागल्या. रत्नागिरीची १८२८ ची, नगरची १८३८, नाशिकची १८४०, पुण्याची १८४८, कोल्हापूरची १८५०. आमच्या बाजूला अकोल्याचं बाबूजी देशमुख वाचनालय १८६० चं. यातल्या पुण्याच्या लायब्ररीच्या स्थापनेत लोकहितवादी होते. त्याच १८४८ साली त्यांची शतपत्रं 'प्रभाकर' मध्ये यायला लागली, आणि त्याच साली त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. एका गावात एकाच वर्षी दोन दारं उघडली. पण लायब्ररीच्या दारातून जाणारे बहुतेक वर्गणी भरू शकणारे, वरच्या जातींतले पुरुष. आणि शाळेच्या दारातून जाणाऱ्या मुलींना, त्यांना शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंना काय काय सोसावं लागलं ते आपण सगळे जाणतोच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही बरं का. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ साली फिलाडेल्फियात मित्रांचं एक मंडळ काढलं, 'जुंटो' त्याचं नाव. कारागीर, छापखानेवाले, दुकानदार अशी साधी माणसं दर शुक्रवारी संध्याकाळी जमायची. पुढे १७३१ साली त्यांनी वर्गणी काढून लायब्ररी केली. चार माणसांनी पैसे एकत्र केले तर एकट्याला न परवडणारी पुस्तकं सगळ्यांना मिळतात, हे साधं गणित. पण मंडळात बाई नाही. तिथल्या बायकांना स्वतःचे क्लब काढायला पुढचं शतक उजाडावं लागलं. १८६८ साली न्यूयॉर्कला चार्ल्स डिकन्सच्या सन्मानाची मेजवानी होती, तिथे पत्रकार बायकांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्या चिडल्या आणि 'सोरोसिस' नावाचा स्वतःचा क्लब काढून मोकळ्या झाल्या! आपल्याकडे रमाबाई रानडे वाचायला शिकल्या तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांचा किती छळ मांडला, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुस्तक १९१० चं. मिळालं तर जरूर वाचा.

बडोद्याच्या सयाजीरावांनी हे दार जरा रुंद केलं. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण मग त्यांच्या ध्यानात आलं की शिकलेला माणूस वाचायला काही मिळालं नाही तर विसरतो. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला, गावोगावी वाचनालयं काढली आणि लाकडी पेट्यांत पुस्तकं घालून फिरती वाचनालयं खेड्यांत पाठवली. मुंबईत डॉ. आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, तिच्या उद्दिष्टांतही वाचनालयं आणि अभ्यासमंडळं होती. ज्यांना कंदिलाच्या उजेडापलीकडे उभं केलं होतं, त्यांनी स्वतःचा कंदील लावायचं ठरवलं, दुसरं काय.

आणि आमच्या वर्ध्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं, जरी ते घडलं धुळ्याला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे. त्याचीच 'गीता प्रवचने' झाली. पंखा नाही, पुस्तकांचं कपाट नाही, चहा तर नाहीच नाही... एक पुस्तक, एक बोलणारा आणि बाकीचे ऐकणारे. पुढे पवनारला विनोबांना पाहायचो तेव्हा मला आश्रमाआधी ते रविवारच आठवायचे.

तर आता आमची बंडी.

१९८१ चा पावसाळा. आम्ही आठ जण जमलो. दोन मास्तर (मी आणि माझे एक सहकारी), पोस्टमास्तर, दवाखान्यातले कंपाउंडर, पटवारी, एक किराणा दुकानदार आणि दोन शेतकरी. त्यातल्या एका शेतकऱ्याचं शिक्षण चौथी, पण आठांत सगळ्यात जास्त वाचलेलं त्यानेच. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी बसायचं. पुस्तकं वर्ध्याहून आणायची, काही वर्गणीतून विकत घ्यायची. त्या काळी 'ग्रंथाली' चा बोलबाला होता. १९७४ साली सुरू झालेली ती संस्था स्वतःला वाचक चळवळ म्हणवायची. आमच्यासारख्या आडगावच्या माणसांना त्या 'चळवळ' शब्दाचंच अप्रूप. आपण नुसतं पुस्तक वाचतोय असं नाही, कशात तरी सामील आहोत असं वाटायचं.

मंडळाचं रजिस्टर माझ्याकडे, कारण अक्षर चांगलं. तारीख, पुस्तक, घर, हजर कोण, आणि शेवटी दोन ओळींत चर्चा काय झाली ते.

एकत्र वाचण्यात सुख काय असतं, ते सांगतो. 'बनगरवाडी' मी बी.ए.ला असताना वाचली होती आणि ती मला समजली अशी माझी समजूत होती. खेड्यात गेलेला तरुण मास्तर, म्हणजे माझीच गोष्ट की! पण आमचा चौथी पास शेतकरी म्हणाला, "सर, तुमी मास्तरकडूनच वाचून राहिले. मी मेंढरायकडून वाचलं. त्या गावाचं खरं दुखणं पाऊस आहे जी." मी घरी येऊन परत पहिल्या पानापासून वाचली. दुसरंच पुस्तक निघालं! इरावती कर्व्यांच्या 'युगान्त' वर तर तीन रविवार गेले. कुंतीने दुसऱ्याच्या मुलाऐवजी आपला भीम राक्षसाकडे पाठवला, त्याचं कौतुक करायचं की तिला खात्रीच होती म्हणून पाठवला म्हणायचं, यावर पोस्टमास्तर आणि पटवारी आठवडाभर बोलत नव्हते. आणि हे सगळं एकचक्रेत बसून! एका पुस्तकाची आठ पुस्तकं होतात, हे त्यातलं सुख. आणि आपलं वाचन किती एकारलेलं होतं हे हसत-खेळत कळतं, हे दुसरं.

आता जे सांगायला बसलो होतो ते सांगतो. इतका वेळ इतिहास सांगत होतो, तो बहुतेक हे लांबवण्यासाठीच.

माझे सहकारी मास्तर बौद्ध वस्तीत राहायचे. शाळेत आम्ही एका बाकावर डबा खायचो. मंडळातही ते पहिल्या दिवसापासून होते, आणि कोणाच्याही घरी चहा-पाण्याला अडचण आली नव्हती. निदान समोर तरी नाही. पाळीत त्यांचं घर आठवं. ती पाळी जवळ आली तसं दुकानदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "गुरुजी, त्यांच्याकडे कायले? घरी म्हातारी आहे माझी, तिले समजलं तर घर डोक्यावर घेईल." पटवारीही 'बघा बुवा' म्हणाले. मला वाटलं, मंडळ फुटायला नको. नुकतंच उभं राहिलंय. मी रजिस्टरमध्ये त्या तारखेपुढे त्यांच्या नावावर रेघ मारली आणि लिहिलं, 'बैठक शाळेत'. त्यांना सांगितलं, तुमच्याकडे जागा लहान पडेल. ते म्हणाले, "बरं."

चार महिन्यांनी दुसरी फेरी आली. मी पुन्हा शाळा लिहिली. या वेळी कारणही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

तिसऱ्या फेरीत आम्ही दया पवारांचं 'बलुतं' घेतलं. १९७८ ला ग्रंथालीनेच काढलेलं. ती बैठक माझ्याकडे होती, आमच्या छपरीत. काही पानं मोठ्याने वाचायची असं ठरलं आणि वाचायला पुस्तक आपसूकच त्यांच्याकडे गेलं. ते शांतपणे वाचत होते, वर्गात धडा वाचावा तसे. कोणी मध्ये बोललं नाही. चर्चा अशी झालीच नाही. चहा घेऊन एकेक जण निघून गेला. ते मागे थांबले. सतरंजीवरचं रजिस्टर त्यांनी उघडलं, मागची दोन पानं पाहिली आणि हसून म्हणाले, "गुरुजी, बकासुरालेही घरोघरची बंडी चालली. आमच्याच घरची कशी काय नाही चालत?"

हसून म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

रात्री मी हिला सगळं सांगितलं. मला वाटत होतं ती म्हणेल, तुम्ही तरी काय करणार. ती म्हणाली, "रजिस्टर तुमच्याच हातात आहे ना? मग लिहा की. आणि त्या दिवशी मी पण येणार. 'बलुतं' मी पण वाचलंय." मी थक्क. मंडळासाठी घरात येणारं प्रत्येक पुस्तक ती दुपारी वाचून काढत होती. दीड वर्षं आम्ही आठ जण छपरीत बसून बोलत होतो आणि नववा वाचक आत चहा करत होता, हे मला ठाऊकच नव्हतं! वर्गात मी मुलांना सावित्रीबाई शिकवत होतो, बरं का.

पुढची पाळी आली तेव्हा मी त्यांचं घर लिहिलं. त्या रविवारी आठातले सात आले. दुकानदार आला नाही, नंतरही कधीच नाही. पटवारी आले, पण पोटाचं निमित्त सांगून चहा घेतला नाही. (पुढच्या वर्षी घ्यायला लागले. पोट सुधारलं असावं.) आमच्याबरोबर ही आली आणि तिला पाहून पोस्टमास्तरांच्या घरच्याही पुढच्या वेळी आल्या. त्यांच्या आईने कांद्याचे पोहे केले होते आणि अंगणात गोणपाट टाकून त्यावर धुतलेली चादर अंथरली होती. जागा लहान नव्हती. आमच्या छपरीपेक्षा मोठी होती.

त्या दिवशी पुढचं पुस्तक हिने सुचवलं, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. मंडळात इतकं हसणं आणि त्याच पुस्तकावर इतकं गप्प होणं पुन्हा झालं नाही.

मी त्यांची माफी मागितली का? नाही. 'तुमचं घर लिहिलं, म्हणजे झालं' असं मी धरून चाललो. आम्ही त्यानंतर तीस वर्षं मित्र होतो. एकमेकांच्या मुलांच्या लग्नात राबलो, निवृत्तही वर्षाच्या अंतराने झालो. पण तो शब्द माझ्या तोंडून गेला नाही. २०१६ साली ते गेले. रजिस्टर माझ्या कपाटात आहे आणि त्या दोन रेघा त्यात तशाच आहेत. मुलगा म्हणतो, जुनं झालंय, नवीन करून देतो. मी नको म्हणतो.

मंडळाचं पुढे काय झालं? २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं, तेही रविवारी सकाळी! आमची वेळ गेली. संध्याकाळी बसून पाहिलं. मग 'महाभारत' आलं. बदल्या झाल्या, पोरांच्या दहावी-बारावी आल्या. १९९१ नंतर रजिस्टर कोरं आहे. निवृत्तीनंतर २०१० मध्ये आम्ही उरलेले पाच जण पुन्हा बसायला लागलो. २०२० च्या टाळेबंदीत भेटणं बंद झालं तेव्हा फोनवर पानं वाचून एकमेकांना पाठवायचो. हिचा आवाज पोस्टमास्तरांच्या फोनवर अजून जपून ठेवलेला आहे म्हणे. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला साहित्य संमेलन झालं, तेव्हा सगळे मिळून गेलो. १९६९ च्या वर्ध्याच्या संमेलनाला मी कॉलेजचा पोरगा म्हणून गेलो होतो, पु. शि. रेगे अध्यक्ष होते. या वेळी काठी घेऊन गेलो, एवढाच फरक. मंडपापेक्षा पुस्तकांच्या गाळ्यांत जास्त वेळ गेला, हे सांगायला नकोच.

महाराष्ट्रात १९६७ साली ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यातून गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळतं. वाचनालय मात्र गावातल्या माणसांनीच काढायचं आणि चालवायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुस्तकं सरकार देऊ शकतं, पेटी भरून दारात पाठवू शकतं, पण सतरंजीवर शेजारी कोण बसणार ते आपल्यालाच ठरवावं लागतं. तिथे कायदा येत नाही. तिथे रजिस्टर ज्याच्या हातात आहे, त्याची परीक्षा असते.

भाचीला मी हे एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. तिला फक्त विचारलं, "तुमच्या क्लबात तुमच्या सोसायटीत काम करायला येणाऱ्या मावशी आहेत का गं? त्या वाचत असतील, कोणास ठाऊक." ती थोडी थांबली आणि म्हणाली, "मामा, हे आम्ही कोणी विचारलंच नाही." म्हटलं, मलाही दीड वर्ष लागलं होतं, आणि ती तर माझ्याच घरात होती.

या रविवारी बंडी माझ्या त्या मित्राच्या घरी आहे. आता त्यांचा मुलगा आणि सून असतात तिथे. सून मराठी घेऊन एम.ए. झाली आहे आणि आमच्या सगळ्यांपेक्षा नेमकं बोलते. पुस्तक तिनेच निवडलंय, 'बलुतं'. मी अजून घेतलं नाही हातात. आज दुपारी घेईन म्हणतो.

तूर्तास इतकंच.